नाव टाकून बघा

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साठतात. फायली निदान कधीतरी निकाली निघतात. किस्से मात्र कायमचे पेंडिंग!

*

बंगळुरूहून लॉ करून मी घरी, भिवंडीला परत आले आणि पाटकर सरांकडे ज्युनियर म्हणून लागले. येताना ऑनलाइन डेटाबेसचं लॉगिन घेऊन आले होते. देशभरातले निकाल, एका क्लिकवर! मी जोशात सरांना दाखवलं.

"सर, आता आपल्या माणसाला कोणी फसवू शकणार नाही!"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "समोरच्या वकिलाकडे पण हेच असेल ना?"

*

पहिलीच केस दिघाशीच्या ताराबाईंची. त्यांचा मुलगा किसन निजामपुऱ्यात पॉवरलूमवर कामाला होता. शिफ्ट चालू असताना शॉक लागून गेला. मालकाचं म्हणणं, हा आमचा कामगारच नव्हे, मित्राला भेटायला आला होता! भरपाई मिळायची तर किसन तिथे कामाला होता, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं.

मी 'पॉवरलूम', 'शॉक', 'मृत्यू' असे शब्द टाकून सर्च मारला. पानंच्या पानं उघडत गेली. आमचे क्लार्क सलीमभाई मागे चहा घेऊन उभे होते.

"मॅडम, ये अदालत का वेबसाइट है या कब्रस्तान का?"

*

ताराबाई दर तारखेच्या आधी ऑफिसात यायच्या आणि माझ्या शेजारी बसून स्क्रीनकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "बाय, माज्या किसनचा नाव टाक ना गो त्यात."

मी टाकलं. काही आलं नाही.

"मावशी, यात निकाल लागलेल्यांचीच नावं असतात."

"म्हंजे कामावर न्हवता, आन इथं पन न्हाय?"

मी लॅपटॉप बंद केला.

*

आता जरा वेगळं. हल्ली लोक पत्रिका जुळवण्याआधी आमच्याकडे येतात. एक गुरुजी मुलीसाठी आलेल्या स्थळाची माहिती काढायला आले. मुलाच्या वडिलांवर दोन केसेस निघाल्या, भावकीच्या. गुरुजींचा चेहरा पडला. सलीमभाई म्हणाले, "गुरुजी, तुमचं पण टाकून बघू ना!"

गुरुजींवर तीन निघाल्या!

गुरुजी खुशीत उठले. "म्हणजे आपल्यासारखंच घर आहे. चांगलं आहे स्थळ!"

*

ताराबाईंच्या केसमध्ये मी निकालांचा गठ्ठाच कोर्टापुढे ठेवला. जजसाहेबांनी तो हातात तोलून बघितला.

"मॅडम, हे सगळे मेलेले?"

"हो साहेब."

"मग यातला एकच द्या. चांगला मेलेला!"

कोर्टात सगळे हसले. ताराबाईसुद्धा हसल्या. सगळे हसत होते म्हणून.

*

त्या गठ्ठ्यात एक निकाल नव्हता. मला तो सापडला होता. हायकोर्टाचा, जुना. लूमवर मेलेला पोरगा, हजेरीची नोंद नाही, मालकाचं अगदी हेच म्हणणं. आणि मालक जिंकलेला. मी प्रिंट सरांपुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान बघितलं, प्रिंट पालथी केली. "ही नको."

समोरच्या वकिलाने नेमका तोच निकाल काढला. साहेब वाचता वाचता थांबले.

"पाटकर, यात मालकातर्फे वकील तुम्हीच आहात की! तेव्हा तुमचं म्हणणं खरं होतं, की आज खरं आहे?"

सर उभे राहिले. "साहेब, तेव्हा मी जिंकलो होतो. आज मी खरं बोलतोय."

पुढच्या तारखेला ताराबाईंचा भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. त्याच निकालाच्या आधाराने. आदेशात सरांचा जुना युक्तिवाद शब्दन् शब्द उतरवला होता. किसन मित्राला भेटायला आला होता, हे आता कागदावर आलं.

आम्ही तिघं गेटबाहेर आलो. मी अपिलाबद्दल तावातावाने बोलत होते. ताराबाईंचं लक्ष सरांकडे होतं.

"वकीलसाहेब, त्या जुन्या केसच्या पोराची आय आल्ती कोर्टान?"

"आली होती," सर म्हणाले. "हरल्यावर इथेच बाहेर मला गाठलं तिने. विचारलं, साहेब, आता कुठला वकील करू?"

"मंग कोनाचा नाव सांगलात तिला?" ताराबाई म्हणाल्या. "मना पन सांगा."