लियाकतभाईंचं नाक

भोरच्या बाजारपेठेत लियाकतभाईंची भट्टी होती, पण भट्टीपेक्षा त्यांच्या नाकाचाच बोलबाला जास्त. भट्टीला ना काटा, ना बटण. विटांचं पोट, लाकडाचा जाळ आणि तोंडाला लोखंडी झाकण. आच किती आहे हे लियाकतभाई हात कोपरापर्यंत आत घालून मोजत. सात आकडे हात टिकला तर पाव लावायचे, बारा टिकला तर नानकटाई. माल झाला की नाही, हे मात्र नाक सांगायचं. बाहेर बाकावर गप्पा हाणता हाणता ते मध्येच उठत, "झालं," म्हणत आणि झाकण उघडत. पाव बरोबर बदामी झालेला असे.

दिवाळीत घरोघरच्या बायका नानकटाईचे पत्रे त्यांच्याकडं भाजायला आणत. कुणाच्या पत्र्यात साजूक तूप आहे आणि कुणी साजूक म्हणून वनस्पती तूप खपवलंय, हे त्यांना पाच मिनिटांत कळे. पेठेतल्या आनंदरावांच्या घरचं तूप कसलं, हे तर आनंदरावांनाही ठाऊक नव्हतं, लियाकतभाईंना होतं. पण त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. अर्ध्या भोरची अब्रू त्या नाकात जमा होती म्हणा ना.

आणि असलं नाक २००६ सालच्या जानेवारीत एका फालतू सर्दीनं नेलं. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. लियाकतभाईंनी कांदा हुंगला, ओवा हुंगला, शेवटी कुणी बघत नाहीसं पाहून रॉकेलच्या डब्यावर वाकले. डब्यात पाणी असावं तसं वाटलं. त्या दिवशी ते भट्टीपुढं बसून लहान पोरासारखे रडले, आणि कुणी विचारलं तर धूर गेला म्हणाले.

सांगायची सोयच नव्हती. मुलगा फरदीन टपून बसला होता. भट्टी पाडून तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं, असं त्याच्या मनानं कधीच घेतलं होतं. "अब्बा, एक खेप करपू द्या, मग बोलू," असं तो हसत म्हणायचा, पण हसण्यावारी नव्हे. म्हणजे नाकाची बातमी फुटली की भट्टी गेलीच.

पण सहा महिन्यांत एक पाव करपला नाही. लियाकतभाई स्वतःवर खूश होते. नाक गेलं तर गेलं, चाळीस वर्षांचा अंदाज काय कुठं जातो? वैताग होता तो एकाच गोष्टीचा. त्यांची बायको हलिमा. घर भट्टीच्या पाठीमागंच, मधे एक दार. त्या दारातून ती हल्ली दिवसातून पंधरा-सोळा वेळा चहा घेऊन यायची. दाराशी उभी राहायची, जवळ येऊन द्यायची नाही. मग हे उठायचे, कप घ्यायचे, उठलोच आहोत तर एकदा झाकण उघडून बघू म्हणायचे. चहा पिऊन पिऊन पोटात जाळ झाला होता. जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी त्यांचा पारा चढला.

"आता म्या मागितल्याबिगर च्या आणलास ना, तर कपासकट भट्टीत टाकीन!"

"बरं," हलिमा म्हणाली.

हलिमा एका शब्दात बरं म्हणते म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांना कळायला हवं होतं. नाही कळलं.

त्याच दिवशी साडेअकराला सुलक्षणा आली. भाटघरच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका बाईंचा बंगला होता, तो ती सांभाळायची. वडापच्या जीपमधून बारा माणसांत चेंगरत, हातातला पुठ्ठ्याचा खोका डोक्यावर धरून आली होती.

"चाचा, एवढं गरम करून द्या. बाईंनी पुण्यास्नं तयार आणून फ्रिजात ठिवलंय. कीश म्हणत्यात. काल मला म्हणल्या, सुलक्षणा, उद्या काय बी रांधू नगंस, नुसतं गरम करून वाढ, सोपं जेवण. अन लाइट सकाळपास्नं न्हाई! एक वाजता पाव्हणं येत्यात."

खोक्यात मैद्याची उथळ पाटी होती, तिच्यात अंडं, दूध, चीज आणि पालक एकत्र थिजलेलं. लियाकतभाईंनी जन्मात असला पदार्थ पाहिला नव्हता. खोक्यावर लिहिलं होतं, एकशेऐंशीवर वीस मिनिटं. पण एकशेऐंशीपर्यंत आकडे मोजत हात आत ठेवला तर हाताचाच कबाब व्हायचा.

"नको म्हणा, अब्बा," फरदीन गल्ल्यावरून म्हणाला. "बिघडलं तर हितं कुठं मिळणार दुसरं?"

झालं. नको म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, ते या वाक्यानं परत फिरलं. "चाळीस वरीस भट्टी लावतोय म्या," म्हणत त्यांनी लांब दांड्याच्या फळीवरून कीश आत सरकवला. सुलक्षणा काकड्या-टोमॅटो आणायला बाजारात गेली. फरदीन रस्त्याकडच्या गल्ल्यावर बसला होता, तिथं एसटीच्या धुरापुढं दुसरा वास येत नसे.

लियाकतभाई बाकावर बसले. पावाचा अंदाज हाताला होता, या पाहुण्याचा कुठून असणार? थोड्या वेळानं झाकण उघडून त्यांनी फळीनं ढोसून पाहिलं. मधला भाग थुलथुल हलला. पावाच्या धंद्यात हलतं ते कच्चं, यात दुमत नाही. पुण्याच्या दुकानदाराला एक शिवी हासडून त्यांनी झाकण लावलं. आणखी वेळ गेला. वीस मिनिटं झाली का? किती झाली? सवयीनं त्यांनी मागच्या दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आत्ता चहा यायला हवा होता.

आणि दार धाडकन उघडलं. हलिमा पळत आली होती. पदर खांद्यावरून घसरलेला, हाताला पीठ, हातात कपबशी वाजत होती.

"च्या घ्या!" ती जवळजवळ ओरडली.

लियाकतभाई उठले, कप हातात घेतला. कप रिकामा होता. ना चहा, ना थेंब, घाईत फडताळातून ओढलेला कोरडा ठक्क कप. त्यांनी हलिमाकडं पाहिलं. ती भट्टीच्या झाकणाकडं बघत होती.

त्यांनी झाकण उघडलं. कीश एका कडेनं काळसर झाला होता, बाकी सोन्यासारखा. अजून दोन मिनिटं आणि खेळ खलास होता.

"काय झालं अब्बा? करपलं काय?" फरदीन उठून आला.

"कुठं? च्या पितोय म्या." लियाकतभाईंनी रिकामा कप ओठाला लावला आणि भुरका मारला, चांगला मोठा. वर म्हणाले, "साखर जास्त झालीया."

सुलक्षणानं कीश हलिमाकडच्या गोधडीत गुंडाळला आणि वडाप गाठलं. संध्याकाळी ती गोधडी परत घेऊन आली. भांडं असो की गोधडी, रिकामी परत करायची आपल्याकडं रीत नाही, म्हणून आत उरलेला एक तुकडा होता.

"पाव्हणं अडीचला आलं, चाचा. तवर पार गार झालं. म्या म्हणलं माझी नोकरी गेली. तर ते म्हणत्यात, गार बी छान लागतंय!"

ती गेल्यावर दोघं बाकावर बसली. तुकडा हलिमानं मोडला, मोठा भाग त्यांना दिला. लियाकतभाईंनी चावला. जिभेला मीठ लागलं, बाकी काहीच नाही.

"तुला कधीपास्नं ठावं हाय?"

"रॉकेलच्या डब्यात तोंड घातलंत तवापास्नं."

त्यांनी मान खाली घातली. मग हातातल्या तुकड्याकडं बोट केलं. "कसला वास येतोय ह्याला?"

हलिमानं नाकाशी धरून नीट हुंगलं. "दुधाचा. भाजीचा. अन एका कडंनं जळाल्याचा."

"लई?"

"च्या येळेवर आणला असता, तर जरा बी न्हाई."

"मग आणायचा की," लियाकतभाई म्हणाले. "म्या कवा नको म्हणलो?"