इंजिन तापवणाऱ्या वहिनी

वहिनींकडे विमान चालवायचा परवाना नव्हता. तरी थंडीच्या दिवसांत त्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्या मैदानावर इंजिन सुरू करायला कोणी धजत नसे. तीस-तीस वर्षं उडणारे डच म्हातारे गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायचे, "वाहिनी आली का?" वहिनीची त्यांनी टीव्हीवरची वाहिनी करून टाकली होती. मी परवाना खिशात घेऊन शेजारीच उभी असायचे. मला कोणी काही विचारत नसे.

नेदरलंड्समधल्या आइंडहोवनजवळच्या त्या गवताळ मैदानावर आमचं दोन माणसांचं जुनं विमान होतं. अर्धं माझं, अर्धं माझ्या ऑफिसातल्या दादांचं. करोना सुरू झाला तेव्हा दादा वडिलांच्या आजारपणासाठी सांगलीला गेलेले होते. आधी विमानसेवा बंद म्हणून अडकले, मग ती सुरू झाली तरी अंथरुणावरच्या वडिलांना सोडून त्यांना येववेना. वहिनी नोकरीसाठी इथेच राहिल्या. तेव्हा वेगवेगळ्या घरच्या दोघांनी एका विमानात बसायला मनाई होती, एकट्याने उडायला हरकत नव्हती. विमान नुसतं पडून राहिलं तर इंजिन आतून गंजतं. त्यामुळे दर शनिवारी मी उडवायचं आणि वहिनींनी त्याआधी इंजिन तापवायचं, असं ठरलं.

कडाक्याच्या थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं. तसंच इंजिन सुरू केलं तर पहिल्या मिनिटातच धातूवर धातू घासतो. हे मलाही पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण वहिनी ते करायच्या कशा, ते बघत राहावं. आल्याबरोबर इंजिनाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायच्या. "तापत असताना कुणी पुढच्या पंख्याला हात लावला आणि इंजिन सुरू झालं तर?" मग विमानाच्या नाकावर गोधडीसारखं जाड आवरण बांधायचं, हीटरची रुंद नळी खालून आत सोडायची, आग विझवायचा लाल डबा हाताशी ठेवायचा आणि स्टूल घेऊन तिथेच बसायचं. फोन आला तरी उठायचं नाही.

मध्येच हात आत घालून त्या चारही सिलिंडरना हाताची मागची बाजू लावून बघायच्या. मी म्हणायचे, "वहिनी, तेलाचा काटा वर आलाय. पुरे की."

"तेल ऊन झालं म्हणजे इंजिन ऊन झालं नाही," त्या म्हणायच्या. "मागचे दोघं अजून गारठलेत."

मागचे दोघं! जणू पाहुणेच आलेत घरी. मला राग यायचा. मी चार वर्षं पै-पै साठवून, सुट्ट्या घालवून उडायला शिकले होते. मैदानावरची विमान उडवणारी एकुलती एक मराठी बाई म्हणून माझं कौतुक व्हायचं. आता ते सगळं वहिनींच्या वाट्याला गेलं होतं. आणि मधूनच दादांचा व्हिडिओ कॉल यायचा. वहिनी फोन काट्यासमोर धरून त्यांना तपमान दाखवायच्या आणि दोघं हसायचे. मी तेव्हा एकटी राहत होते. आठ-आठ दिवस माझं घरात कुणाशी बोलणं होत नसे. ते हसणं ऐकून मी उगाचच टायर तपासायला जायचे.

एकदा विचारलं, "वहिनी, तुम्हाला नाही कधी स्वतः उडावंसं वाटत?"

"खाली काय काम कमी आहे?" एवढंच म्हणाल्या.

जानेवारीतला एक शनिवार. आठवडाभराचं धुकं जाऊन लख्ख ऊन पडलं होतं, गवत पांढरं कडक झालेलं. वहिनींना उशीर होणार होता आणि हीटर त्यांच्या गाडीत होता. मला वाटलं, आज आपणच दाखवून देऊ. हँगरमध्ये रंग खरवडताना वापरतात तसलं गरम हवेचं पिस्तूल पडलं होतं. ते मी खालून आत खोचलं, भोवती आवरण कोंबलं, चालू केलं आणि मैदान सांभाळणाऱ्या हेंककडे गेले. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही कॉफी प्यायलो. इंजिन आज मीच तापवतेय, हेही मी त्याला ऐकवलं.

परतले तेव्हा वहिनी आल्या होत्या. पिस्तुलाची वायर उपटलेली. आवरण गवतावर पडलेलं, त्याला बशीएवढं काळं भोक, आणि त्यातून धूर निघत होता.

त्या ओरडल्या नाहीत. माझं मनगट धरून हात आत नेला आणि एका नळीवर ठेवला. "ही पेट्रोलची. चार बोटांवर होती."

धुराचा वास हेंकपर्यंत गेला होता. तो धावत आला. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "माझं चुकलं. हीटर मी घरी नेला होता."

माझे डोळे भरून आले, पण खरं सांगते, त्यात कृतज्ञता कमी होती. हेही यांनाच जमावं, असं वाटलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून तापवलं आणि चारही सिलिंडरना मला हात लावायला लावला. "आता तू सांग," म्हणाल्या. मी "झालं" म्हटल्यावरच किल्ली माझ्या हातात दिली.

त्या वर्षी दादांनी सांगलीतच राहायचं ठरवलं. जायच्या आधी वहिनी मैदानावर निरोप घ्यायला आल्या. हेंकने त्यांना जुन्या नोंदवहीचं एक पान फाडून दिलं. त्यावर वहिनींचं नाव होतं, विद्यार्थी म्हणून. माझ्या आधीचं, दादांच्याही आधीचं.

"एकटीने उडायची वेळ आली तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत अडकले," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं. मग मला निदान शेजारी बसता यावं म्हणून ह्यांनी शिकून घेतलं."

मी म्हटलं, "वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटायचा."

"मला तुझा नाही वाटला होय?" त्या हसल्या नाहीत. "अगं, इंजिन तासाभरात तापायचं. त्याच्यावरची अर्धी घटका माझी असायची. तुझ्या हातात किल्ली द्यायला तेवढा वेळ लागायचा मला."

आता थंडीत मीच इंजिन तापवते. हेंक येऊन विचारतो, मी हात लावून सांगते. हेवा संपला असं मात्र नाही. वहिनी सांगलीत सासऱ्यांचं सगळं करतात. दादा सांगत होते, त्या उठून गेल्या की म्हातारे कासावीस होतात, म्हणून त्या शेजारची खुर्ची सोडतच नाहीत. त्या दिवशी फोन ठेवला आणि लक्षात आलं, मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटतोय.