उजव्या कोपऱ्यातला लाल ठिपका

कुजबुज अशी होती, की ठिपकेरावांनी सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं तोडलं ते एका ठिपक्यावरून. ठिपका तरी केवढा? तीळही त्याच्यापुढे कलिंगड वाटावा. धाकट्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं आणि थोरल्याच्या पोटात दुखलं, असं लोक चवीने सांगायचे.

ठिपकेराव हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते आम्ही ठेवलं. चौकातला फोटो स्टुडिओ त्यांचा. फोटो काढायचे चुटकीसरशी, पण तो हातावेगळा होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं. कॉम्प्युटरवर फोटो इतका मोठा करायचे की नवरीच्या नाकाचं मैदान व्हावं, आणि मग त्या मैदानात धुळीचा कण शोधत हिंडायचे. एका जोडप्याच्या घरी पाळणा हलला, पोरगं बोलायला लागलं, तरी लग्नाचा अल्बम पोचला नव्हता. नवरा तणतणत आला, "अहो, आता पोरगं विचारतंय, तुमचं लग्न झालंय ना नक्की?"

"झालंय," पडद्यावरची नजर न काढता ठिपकेराव म्हणाले, "पण तुमच्या कोटावर धूळ होती."

चेहऱ्यावरचा तीळ मात्र त्यांनी कधी पुसला नाही. तीळ तुमचा, धूळ माझी, हा त्यांचा कायदा.

मौज म्हणजे खोट त्यांच्या कॅमेऱ्यातच होती. आतला एक बारीकसा बिंदू बिघडलेला, त्यामुळे प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्याशी, ठरल्या जागी, एक लाल ठिपका उमटायचा. इतरांना तो बोट ठेवून दाखवला तरी दिसायचा नाही. ठिपकेराव प्रत्येक फोटोतून तो हाताने पुसायचे. दुरुस्तीवाला म्हणाला, कॅमेरा ठेवून जा. हे कॅमेरा पोटाशी धरून घरी आले. "आमच्या घरात आम्ही दोघं आणि तो ठिपका," त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या. "त्यात लाड त्याचेच जास्त!"

धाकटा दुकानात गिऱ्हाईक सांभाळायचा. बोलण्यात असा गोड की मुंग्या लागाव्यात. त्याचाही कॅमेरा होता, नवाकोरा आणि महागाचा. थोरला पुसापुशी करत बसला की हा जांभई देत म्हणायचा, "दादा, कोण बघतंय?"

त्यांची आई शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा दोघांनी आळीपाळीने तिची सेवा केली. एका दुपारी ती खिडकीशी बसून कशावरून तरी खळखळून हसली. केस मोकळे, तोंडाचं बोळकं. थोरल्याने कॅमेरा उचलला.

"काढ मेल्या," ती म्हणाली, "पण तुझ्यापुरता. कवळी नाही तोंडात. कुणाला दाखवलास तर याद राख!"

"नाही दाखवणार, आई."

ती गेली. तो फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला. ठिपकेरावांनी आयुष्यात न पुसलेला फोटो तो एकच. पुसायचा तर मोठा करून बघावा लागणार, आणि आईचा चेहरा तेवढा जवळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

पुढे फोटोंची स्पर्धा झाली, त्यात धाकटा पहिला आला. थोरला कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला, शेजारच्यांना सांगत, "माझा भाऊ बरं का!" पडदा सरकला. भिंतभर आई हसत होती. खिडकी, मोकळे केस, बोळकं.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ठिपकेरावांचे हात मांडीवरच राहिले. मग त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं.

"हा कधी काढलास रे?"

"त्याच दिवसांत, दादा. तू बाहेर होतास. मीही होतोच की आईपाशी."

होताच की. एक भाऊ बसला तिथेच दुसराही बसला असेल, आई दोघांपुढेही हसली असेल. ठिपकेराव उठले आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांनी भिंतीला नाक लावलं. मागे खसखस पिकली. "झालं! निघाले धूळ शोधायला!"

जन्मभर त्यांनी ठिपका सापडावा म्हणून शोधला. त्या दिवशी, वहिनी सांगतात, तो सापडू नये म्हणून शोधत होते. ओठ हलत होते त्यांचे.

वर उजवा कोपरा. ठरलेली जागा. लाल.

"हा ठिपका कुठून आला रे?" त्यांनी विचारलं.

धाकट्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो लोकांकडे वळून हसला, "दादा, इथेसुद्धा? कोण बघतंय!" सगळे हसले. ठिपकेराव मधल्या वाटेने चालत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानात आला. "एवढ्याशा ठिपक्यावरून, दादा? पुसून देतो ना!"

"पुसू नकोस," ठिपकेराव म्हणाले. भावाशी ते बोललेले शेवटचे दोन शब्द.

आईचा तो फोटो थोरल्याने काढला होता. तो कुणाला दाखवणार नाही, असा त्याने आईला शब्द दिला होता. धाकट्याने न विचारता तो उचलला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि साऱ्या लोकांना दाखवला.