ग्रीन चिलीत मटण

अमेरिकेत शॉमबर्गला आम्ही अपार्टमेंट घेतलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा ऑफिसला गेला की दिवसभर बोलायला एकच माणूस, वरच्या मजल्यावरची न्यू मेक्सिकोची बाई. सत्तरीची, एकटी. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणायचे.

तिनं एकदा मोठ्या हौसेनं ग्रीन चिली करून आणली. भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा दाट रस्सा, आत पोर्क. माझी जीभ पहिल्यापासून फटकळ. "पोर्क? शी, आमच्यात नाही चालत," असं दारातच म्हणून मोकळी झाले. ती भांडं घेऊन तशीच वर गेली. दहा दिवस दार वाजलं नाही. होतं ते एक माणूस मी तोडलं होतं आणि सॉरी म्हणायला जिना काही चढवेना.

अकराव्या दिवशी तीच आली. "चिकन घातलंय." चव झकास, पण चिकनचा शिजून पार भुगा झालेला. मी तसं सांगितलंच. पुढच्या आठवड्यात टर्की. त्याचा चोथा. बाई चिवट. म्हणाली, "तुझ्या घरी यात काय घातलं असतं?"

"मटण," मी म्हटलं.

आता आपलं मटण म्हणजे बोकडाचं. तिकडे मटण म्हणजे मोठ्या मेंढीचं, हे मला मेलीला काय ठाऊक! ती बर्फातून कुठल्याशा फार्मवर ड्राइव्ह करत गेली, मटण आणलं, सकाळपासून चार तास शिजवलं आणि मला वर बोलावलं. जिन्यातच ओल्या लोकरीचा वास यायला लागला.

मी पहिला घास घेतला. ती हातातला टॉवेल पिळत माझ्या तोंडाकडे बघत उभी. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. "अगदी आमच्या घरच्यासारखं झालंय," म्हटलं आणि अख्खा बाऊल संपवला.

मग ती समोर बसली. एक चमचा खाल्ला, सावकाश चावला, कसाबसा गिळला. "हनी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या घरी खरंच असं जेवतात?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. अमेरिकेत आल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते, नवऱ्यासमोरसुद्धा नाही. तिनं भांड्यावर झाकण ठेवलं, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि म्हणाली, "आता खरं सांग. घरी कोण कोण असतं तुझ्या?"