दोराचं उत्तर

म्हसा गावाकडच्या निम्म्या विहिरी चंदरनेच खणल्या असतील. गडी अबोल, पण खाली उतरला की हात थांबायचा नाही. धाकटा भाऊ जगन त्याचा जोडीदार. एक खाली, एक वर, मध्ये दोर. खालच्याने दोर दोनदा ओढायचा, वरच्याने एकदा ओढून उत्तर द्यायचं आणि मगच वर घ्यायचं. पहारीच्या दणक्यात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ही रीत.

गेल्या वर्षी खाली जगन होता. दोर दोनदा हलला, चंदरने उत्तर दिलं आणि तेवढ्यात कड ढासळली. जगन गेला.

तेव्हापासून डोळा लागला रे लागला की चंदर त्याच विहिरीच्या काठावर. खालून दोर हलतोय आणि याचे हात लाकडाचे झालेत. ओरडत उठायचा. झोपेचीच धास्ती घेतली त्याने, मग विहिरीत उतरायचं नाव कशाला! नवरा असा झुरत चाललेला बायकोला, जयाला, बघवत नव्हतं.

जगनची मुलगी प्रियांका शहापूरला मानसशास्त्र शिकते. ती कॉलेजच्या प्रयोगातली कपाळपट्टी घेऊन आली. पट्टी मेंदूच्या लहरी टिपते. मन निवलं की मोबाइलवर बासरी वाजते, भरकटलं की बंद. रोज बसून ती बासरी वाजती ठेवायला शिकायचं. मग झोपेत स्वप्न सुरू झालं की पट्टी हळूच टिकटिक करते. ती ऐकून झोपेतच ओळखायचं, की हे स्वप्न आहे, भ्यायचं कारण नाही. पण खात्री करायला एखादी खूण हवी, असं तिने काकाला समजावलं. जागेपणी ती करत राहायची, म्हणजे स्वप्नातही हात आपोआप तेच करतो.

चंदरने खूण निवडली दोराची. एक टोक आपल्या कमरेला, दुसरं जयाच्या मनगटाला. "सपनात दोराचं उत्तर येत नाय," तो म्हणाला. जागेपणी सरावाला मोबाइलवर तीच टिकटिक लावायची. ती वाजली की हा दोनदा ओढायचा, आणि भाजी निवडता निवडता जया एकदा. आळीने काय कमी चिडवलं? बायकोने नवरा दावणीला बांधला म्हणे! जया कुणाला भीक घालायची नाही.

आणि लागू पडलं हो! एका दुपारी झोपेत टिकटिक ऐकू आली. चंदरने दोर ओढला, उत्तर आलं नाही, म्हणजे स्वप्नच. मग तो धीराने दोर धरून खाली उतरला. तळाशी जगन विडी ओढत बसलेला. दादा, किती उशीर केलास, एवढंच म्हणाला. जाग आल्यावर चंदर पोटभर रडला आणि संध्याकाळी पोटभर जेवला.

मग त्याने सापगावच्या विहिरीचं काम घेतलं. वर रहाटावर रोशन नावाचा गडी होता, पण दोराशी जयाच हवी, हा चंदरचा हट्ट.

भाकर खाऊन तो उतरला आणि कडेची माती भुरभुरू लागली. एक धोंडा पायाशी येऊन पडला. तेवढ्यात टिकटिक ऐकू आली. वर रोशनचा मोबाइल तसाच टिकटिक वाजत होता, पण ते खाली कसं कळावं? चंदरला वाटलं, लागली आपली झोप. भीती अजिबात नाही. इतके दिवस न भिण्याचाच तर सराव केला होता! आता जगन येईल म्हणून गडी चक्क दगडावर टेकून बसला. माती घोट्यापर्यंत आली तरी बसलेलाच. अरे, ऊठ की बाबा! पण छे. सवयीने हात तेवढा दोराकडे गेला. दोनदा ओढला.

वरून एकदा ओढ आली.

म्हणजे हे स्वप्न नव्हतं! सगळी भीती एकदम परत आली. कमरेचा दोर दोन्ही हातांनी धरून तो धडपडत उठला. वर रहाट फिरला. त्याचा हात काठाला लागला आणि खाली अख्खी कड बसली.

धूळ खाली बसल्यावर जयाने विचारलं, माती पडत होती तर एवढा वेळ खाली करत काय होतात?

"जगनची वाट बघत होतो," चंदर म्हणाला.

 जयाने दोराचं टोक रहाटावरून सोडवलं आणि आपल्या मनगटाला बांधलं. दुसरं टोक त्याच्या कमरेलाच होतं. तशीच दोघं सापगावच्या रस्त्याने घरी निघाली.