आत्या म्हणाल्या, तू प्रार्थना कर

मंगळवारी सकाळी माझ्या सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. खुब्याचं हाड मोडलं... आणि ॲम्ब्युलन्स आली ती नेमकी त्याच दवाखान्यात, जिथे गेल्या उन्हाळ्यात माझे मिस्टर, प्रदीप, गेले.

प्रदीप म्हणजे आत्यांचा एकुलता एक मुलगा. आता घरात आम्ही दोघीच.

आत शिरले तर... तोच फिनेलचा वास, लिफ्टचा तोच आवाज... आयसीयूचं दार दिसू नये म्हणून मी भिंतीकडे बघत चालले.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल. पण वय झालंय, शुगर आहे, हार्ट थोडं कमजोर आहे. पुढचं मला ऐकूच आलं नाही. मागच्या वेळीही असंच हळू आवाजात सांगितलं होतं...

प्रदीप आयसीयूमध्ये होते तेव्हा मी याच मजल्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली होती. अख्ख्या चर्चने केली होती. तरी ते गेले. तेव्हापासून मी उपासनेला जाते, गीतं म्हणते, पण स्वतःच्या तोंडाने काही मागत नाही. पुन्हा मागितलं आणि पुन्हा मिळालं नाही तर... या भीतीने ओठच हलत नाहीत.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते एका अंत्यविधीसाठी नातेपुत्याला गेलेले. लगेच निघतो म्हणाले, पण पोचायला वेळ लागणार होता.

थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. आत्यांची कवळी काढून घेतलेली, त्यामुळे बोलणं नीट कळेना. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"शालिनी, प्रार्थना कर की."

"आत्या, पाळकसाहेब येतायत..."

"ते येतील तवा येतील. तू कर."

मला रडू आलं. म्हटलं, "मला नाही जमत, आत्या. मागच्या वेळी इथंच मागितलं होतं ना."

त्यांनी माझं मनगट धरलं. सोडेनातच. इतक्या महिन्यांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, गावाकडची, वळसंगची बाई आहे, विश्वास दगडासारखा पक्का...

"मी बी मागितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोटचं पोर व्हतं माझं. न्हाय दिलं त्यानं. अजून रोज भांडते मी त्याच्याशी. पण आता मला लई भ्या वाटतंय... मग दुसऱ्या कुणाकडं जायाचं, सांग की."

मी डोळे मिटले. "प्रभू, आत्या घाबरल्यात. मी पण घाबरलेय. मला आत सोडत नाहीत, तू त्यांच्याजवळ राहा." एवढंच आलं. आमेन आत्याच म्हणाल्या.

दार बंद झालं. मन शांत झालं वगैरे काही नाही, खरं सांगते. कुणी बाहेर आलं की उठून उभी राहायचे, परत बसायचे. पण मनात मी सारखी त्याच्याशी बोलत होते. तक्रारीच जास्त... प्रदीपबद्दलचं, साठलेलं सगळं.

पाळकसाहेब पोचले, आणि थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. आज आत्या उशीला टेकून बसल्यात, आणि दवाखान्यातला चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरतायत.

ऑपरेशन नीट झालं म्हणून देव चांगला, असं मला लिहायचं नाही. मग प्रदीपच्या वेळी तो कसा होता? ते मला कळलेलं नाही, कदाचित कळणारही नाही. आत्या नुसत्या खोकल्या तरी मी अजून दचकते.

पण दचकले की आता तोंडातून "प्रभू" निघतं. वर्षभराचा अबोला सुटला... तो आत्यांनी सोडवला, स्वतः घाबरलेल्या असताना. त्यांच्यासाठी, आणि माझं भांडणही ऐकून घेणाऱ्या त्या देवासाठी, आज मनापासून आभार.