ब्रनो ते उदिने, एकटीने

चेक देशातल्या आमच्या ब्रनोच्या स्टेशनात परदेशी तिकिटांच्या खिडकीमागे द्रहोमीरा झोउहारोवा छत्तीस वर्षं बसली. सगळे तिला मिर्का म्हणत. युरोपभरच्या गाड्यांचं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. लिस्बनला जायचं म्हटलं की गाडी कुठे बदलायची, मध्ये दोन घास खायला वेळ मिळेल की नाही, हे ती पुस्तक न उघडता सांगायची. स्वतः मात्र देशाबाहेर कधी गेली नव्हती. शेजारच्या खिडकीवरचा बोहुमिल तिला चिडवायचा, "मिठाईच्या दुकानात बसून जन्मभर उपास करतेस तू." मिर्का हसायची नाही. रेल्वेच्या माणसांना परदेशी प्रवासाचे पास फुकट मिळत, तेही ती दरवर्षी वाया जाऊ द्यायची.

त्याचं कारण घरातलं होतं. तिची थोरली बहीण क्वेता १९६९च्या उन्हाळ्यात आठ दिवस समुद्रावर जाते म्हणून गेली, ती परतलीच नाही. इटलीत उदिनेला राहिली. परवानगीशिवाय देश सोडला म्हणून कोर्टाने तिच्या माघारी तिला दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. मग कचेरीतल्या साहेबाने मिर्काला बोलावलं. कागद तयारच होता. बहिणीच्या कृत्याचा मी धिक्कार करते आणि यापुढे तिच्याशी संबंध ठेवणार नाही. सही केली तर खिडकी राहणार, नाहीतर गाड्यांचे डबे धुवायचे. घरात आई अंथरुणाला खिळलेली. मिर्काने सही केली. पाच वर्षांनी आई गेली, तेव्हा क्वेताला तार करायचीही हिंमत तिला झाली नाही.

पुढे कम्युनिस्ट राजवट कोसळली, सरहद्दी उघडल्या. क्वेताने इकडे पाऊल न ठेवण्याची शपथच घेतली होती, पण पत्र पाठवलं, 'ये.' मिर्काने उलट टपाली कळवलं, 'येते.' अठरा नाताळ हेच चाललं. जाणं सोपं होतं हो, तोंड दाखवणं अवघड होतं. अखेर २००७च्या नाताळात क्वेताने लिहिलं, 'माझी सत्तरी जवळ आली. या वसंतात आलीस तर ये. नाहीतर येते असं पुन्हा लिहू नकोस.' त्या सहीचं बहिणीला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आता राहिलं, तर कायमचंच राहणार होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती निघाली. आमच्याकडची माणसं परदेशी जाताना बांधून नेतात तशीच तळलेली कटलेटं पावात घालून तिने घेतली. गाडी बदलायची फक्त व्हिएन्नाला. अडीच वाजता उदिने. क्वेता स्टेशनवर येणार होती.

सरहद्द जवळ आली तशी मिर्का पासपोर्ट हातात धरून ताठ बसली. गाडी पुढे गेली. कुणीच आलं नाही. तपासणी डिसेंबरपासून बंद झाल्याचं तिने पेपरात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. तिकीट बघायला आलेल्या माणसाला तिने विचारलं, "पासपोर्ट कोण बघणार?"

"कुणी नाही बघत आता, बाई. खुशाल बसा."

खुशाल कसली बसतेय? परवानगीशिवाय सरहद्द ओलांडली म्हणून ज्या घरातल्या मुलीला शिक्षा झाली, त्या घरातली ही दुसरी. व्हिएन्नाला उतरल्यावर पुढच्या गाडीकडे न जाता ती पोलीस चौकी शोधत गेली आणि तिथल्या तरुण शिपायापुढे पासपोर्ट ठेवला.

"शिक्का मारा."

"कसला शिक्का, आजी?"

"सरहद्द ओलांडल्याचा. उद्या कुणी विचारलं, कुणाच्या परवानगीने आलीस, तर?"

"कुणी विचारणार नाही."

"असं तुम्ही म्हणता."

"आजी, तुम्हाला अडवायचं म्हटलं तरी माझ्याकडे कायदा नाही. घरी जा नाहीतर इटलीला जा, तुमची मर्जी."

मर्जी! ती घेऊन काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वरच्या अधिकाऱ्याची वाट बघण्यात पाऊण तास गेला आणि साऱ्या युरोपच्या गाड्या पाठ असलेल्या बाईची आयुष्यात पहिल्यांदा गाडी चुकली. ऐकणारे यावर हसतात. मला तर अजून राग येतो, आणि तो मिर्कावर नव्हे.

तिने क्वेताच्या घरी फोन केला. तो नुसता वाजत राहिला. पुढची गाडी ऑस्ट्रियातल्याच फिलाखपर्यंत जाणारी होती, तिथून आणखी एक. दिवसभर खिडकीबाहेर डोंगर सरकत होते. पावाला तिने हात लावला नाही. अडीच वाजले तेव्हा ती डोळे मिटून बसली. उदिनेला गाडीतून सगळे उतरलेत आणि आपली बहीण रिकाम्या दाराकडे बघतेय, हे तिला लख्ख दिसत होतं.

ती पोचली तेव्हा सात वाजत आले होते. बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आईचंच नाक.

"अडीचची आली, चारची आली, साडेपाचची आली," क्वेता बसल्या जागेवरून म्हणाली.

"मी व्हिएन्नाला शिक्का घ्यायला गेले."

"शिक्का?"

"परवानगीवाचून नको वाटलं."

मिर्काने धीर एकवटला. "क्वेता, तुझ्याशी संबंध नाही अशा कागदावर मी सही केली होती."

"माहितीये. इथे आलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी केली. त्याचं काही नाही." क्वेताने पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली. "मला वेगळंच विचारायचंय. खोटं सांगायचं नाही. आई माझं नाव घ्यायची का?"

याची तयारी मिर्काने केली नव्हती. नाही म्हटलं असतं तर सुटली असती.

"घ्यायची. शेवटच्या महिन्यात तर सारखी. क्वेतुश्का, क्वेतुश्का म्हणून हाका मारायची. आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे. शेजारी ऐकतील म्हणून."

क्वेताचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग आता तू म्हण," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."

मिर्काने आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. मग तिने हाक मारली. प्लॅटफॉर्मवरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली, तरी तिने पुन्हा एकदा मारली.